आधी खोटा डेटा, मग खरा: कॉग्निटिव्ह मॉडेलिंगच्या समर स्कूलची तयारी

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मला एकाच धाटणीचे मेल येतात. "ताई, समर स्कूलला निवड झाली, आता काय वाचू?" आणि सप्टेंबर उजाडला की त्याच मुलांचा दुसरा मेल: "कोर्स भारी होता, पण माझा डेटा तसाच पडून आहे." कॉग्निटिव्ह मॉडेलिंगच्या, म्हणजे माणूस कसा शिकतो, कसा निर्णय घेतो ते गणिताने किंवा संगणकावर मांडायच्या, अशा वर्गांना मी दोनदा विद्यार्थिनी म्हणून बसले, नंतर तीनदा सहायक म्हणून लॅबमध्ये उभी राहिले. दरवेळी चुका त्याच आणि त्याच क्रमाने होतात. एक-दोन आठवड्यांच्या वर्गात नवं शिकायला वेळ जेमतेम असतो. घरून तयारी करून गेलेल्यालाच तिथे प्रश्न सुचतात, बाकीचे मान डोलावतात.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांना धरून लिहिला आहे: मानसशास्त्रात एमए करणारे, ज्यांना आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा थोडीफार येते, आणि इंजिनिअरिंगवाले, ज्यांना पायथन येतं पण माणसांवर प्रयोग कधी केलेला नाही.

## १. आधी मॉडेलिंगचं घराणं ओळखा

सगळ्या जाहिरातींत शब्द एकच असतो, कॉग्निटिव्ह मॉडेलिंग. आत मात्र चार वेगळी घराणी आहेत आणि एकाचा रियाज दुसऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही.

पहिलं आर्किटेक्चरवाल्यांचं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली एसीटी-आर ही त्यातली सर्वांत परिचित. इथे तुम्ही "असं असेल तर हे कर" अशा नियमांमधून एक छोटं मन उभं करता. प्रत्येक नियमाला ठरलेले ५० मिलिसेकंद लागतात आणि स्मृती ठरलेल्या दराने फिकी पडते. दुसरं घराणं वर्तनाच्या डेटावर गणिती मॉडेल बसवणाऱ्यांचं, म्हणजे डेटाशी सर्वांत जुळणारे मॉडेलचे आकडे शोधणाऱ्यांचं: शिकण्याची मॉडेल्स, निर्णयाला लागणाऱ्या वेळाची मॉडेल्स. युरोपात भरत आलेला गणिती आणि संगणकीय मॉडेलिंगचा दोन आठवड्यांचा वर्ग याच वळणाचा. झुरिकचा कॉम्प्युटेशनल सायकिअॅट्रीचा वर्गही बराचसा इथलाच, फक्त प्रश्न मनोविकारांचे. तिसरं बेजियन, म्हणजे आधीचा अंदाज डेटाच्या आधारे शक्यतांच्या गणिताने सुधारणाऱ्यांचं. ॲम्स्टरडॅममध्ये होत आलेल्या आठवडाभराच्या वर्गात जॅग्ज या बेजियन मॉडेलांच्या सॉफ्टवेअरवर हात बसवतात. चौथं न्यूरॉनपासून सुरुवात करणाऱ्यांचं: कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचं नेन्गो या न्यूरॉनची जाळी उभारायच्या सॉफ्टवेअरचं समर स्कूल, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेतला कॅम्प, आणि २०२० च्या जुलैत सुरू झालेली, तीन आठवडे पूर्ण ऑनलाइन चालणारी न्यूरोमॅच अकॅडमी.

तुमचा प्रश्न "लोक बक्षिसावरून कसं शिकतात" असा असेल तर दुसरं किंवा तिसरं घराणं. "गाडी चालवताना फोन घेतला की नेमकं काय अडतं" असा असेल तर पहिलं. शहर बघून अर्ज करणारे मी पाहिले आहेत, वॉटर्लूत जाऊन ते दोन आठवडे "पण माझ्या प्रश्नावलीचं काय?" विचारत बसतात.

तपासून पाहा: मागच्या वर्षीच्या वेळापत्रकातल्या दुपारच्या लॅबची नावं वाचा. व्याख्यानांची नावं फसवतात, लॅबची फसवत नाहीत.

## २. अर्ज: एक प्रश्न, एक डेटा, एक अडचण

"लहानपणापासून मला मेंदूबद्दल कुतूहल आहे" हे वाक्य खोडा. निवडणाऱ्यांनी त्या दिवशी ते चाळीस वेळा वाचलेलं असतं.

त्याजागी असं काही लिहा: "दोन बटणांच्या खेळात चिंताग्रस्त विद्यार्थी तोट्यानंतर लवकर बटण बदलतात. ते तोट्यावरून जास्त वेगाने शिकतात म्हणून, की त्यांची निवडच जास्त डळमळीत असते म्हणून, हे सरासरीवरून मला वेगळं काढता येत नाही." एवढ्यावरून कळतं की तुमच्याकडे प्रश्न आहे, दोन स्पर्धक स्पष्टीकरणं आहेत आणि मॉडेल कशासाठी हवं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोडिंग येत असल्यास काय लिहिलंय ते सांगा. येत नसेल तर तेही सरळ सांगा. खोटं बोलून मिळालेली जागा पहिल्या लॅबमध्येच उघडी पडते.

शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना किमान तीन आठवडे द्या आणि सोबत तुमच्या अर्जाचा मसुदा पाठवा. नाहीतर "विद्यार्थी हुशार व मेहनती आहे" एवढंच पत्र जातं.

## ३. पैसे, व्हिसा, वेळ

हे पटकन. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधी तरी जायलाच हवा; पण उन्हाळ्यात भेटीची तारीखच मिळत नाही, म्हणून निवडपत्र येताच तारीख धरा. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. फी-माफीचा रकाना फॉर्ममध्ये असेल तर लाजू नका, भरा. न्यूरोमॅचची फी देशानुसार कमी होते आणि तिचं सगळं साहित्य असंही मोफत खुलं आहे.

ऑनलाइन वर्ग असेल तर घड्याळ बघा. झुरिकचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा, ते जमतं. पिट्सबर्गचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. वर्ग मध्यरात्रीपर्यंत चालणार. "त्या काळात मी घरी असूनही घरी नाही," हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

## ४. सहा आठवडे आधी: वही आणि पेन, मग कोड

बहुतेक जण इथे यूट्यूबवर व्याख्यानं लावतात. बघायला हरकत नाही, पण हात चालला नाही तर काही उरत नाही.

पहिला आठवडा फक्त वहीचा. १९७२ चं रेस्कॉर्ला-वॅग्नर मॉडेल घ्या. सूत्र एका ओळीचं आहे: नवा अंदाज = जुना अंदाज + शिकण्याचा दर × (मिळालेलं बक्षीस − जुना अंदाज). डावं आणि उजवं, दोन्ही बटणांचा अंदाज ०.५ धरा, शिकण्याचा दर ०.२. माणसाने डावं बटण तीनदा दाबलं. बक्षीस मिळालं, नाही मिळालं, मिळालं. डाव्याचा अंदाज ०.५ वरून ०.६, मग ०.४८, मग ०.५८४. उजवं ०.५ वरच. आता निवडीचा नियम, सॉफ्टमॅक्स, म्हणजे अंदाजांवरून निवडीची शक्यता काढायचं सूत्र: दोन अंदाजांतला फरक ०.०८४, ठामपणाचा पॅरामीटर (मॉडेलमधली बदलता येणारी संख्या; ही जितकी मोठी तितकी निवड पक्की) ३ धरला तर गुणाकार ०.२५२, आणि पुढच्या वेळी डावं दाबण्याची शक्यता १ ÷ (१ + e^−०.२५२), म्हणजे ०.५६. हे आकडे हाताने आले पाहिजेत. पुढे कोड लिहाल तेव्हा याच आकड्यांवर तो घासून बघायचा आहे, म्हणून ते पान फाडू नका.

दुसऱ्या आठवड्यात लॉग (इथे सगळीकडे नैसर्गिक लॉग, e या पायाचा). संगणकात ०.५ ला ०.५ ने असं ११०० वेळा गुणून बघा. उत्तर शून्य येईल, जवळजवळ शून्य नव्हे, चक्क शून्य. शेकडो निवडींच्या शक्यतांचा गुणाकार न करता त्यांच्या लॉगची बेरीज का करतात, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढचे तीन आठवडे कोड: लूप, फंक्शन, यादृच्छिक आकडे, सीड (तेच यादृच्छिक आकडे पुन्हा मिळवून देणारी सुरुवातीची संख्या), साधा आलेख. कॉपी-पेस्ट नको. एआयकडून कोड लिहून घेत असाल तर घ्या, पण प्रत्येक ओळ वहीतल्या आकड्यांवर तपासा; अंदाज आधी बदलायचा की निवड आधी मोजायची, ही गल्लत तोही बिनदिक्कत करतो.

सहावा आठवडा मोकळा ठेवा. तो कशात ना कशात जातोच.

आर्किटेक्चरच्या वर्गाला जाणाऱ्यांनी रेस्कॉर्ला-वॅग्नरऐवजी एसीटी-आरचं स्मृतीचं सूत्र हाताने सोडवावं. एखादी गोष्ट ४ सेकंदांपूर्वी आणि १६ सेकंदांपूर्वी भेटली, ऱ्हासाचा दर ०.५, म्हणजे १ ला प्रत्येक काळाच्या वर्गमुळाने भागायचं: ०.५ अधिक ०.२५, बेरीज ०.७५, तिचा लॉग −०.२९. शिवाय एसीटी-आरच्या ट्यूटोरियलचे पहिले दोन पाठ घरूनच करून जा.

तपासून पाहा: रिकाम्या फाइलवरून, काही न बघता, दोन बटणांच्या खेळात २०० वेळा निवड करणारा कृत्रिम माणूस तासाभरात लिहिता येतो का? येत असेल तर तुम्ही तयार आहात.

## ५. लॅपटॉप: निघण्याच्या दहा दिवस आधी

पहिल्या दिवसाची सकाळ इन्स्टॉलेशनमध्ये घालवणारे दोघं-तिघं प्रत्येक वर्गात असतात. दुपारी ते मागे असतात, दुसऱ्या दिवशी आणखी मागे.

- जॅग्ज हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. आरमधलं आरजॅग्ज पॅकेज टाकलं म्हणजे जॅग्ज आलं असं होत नाही.
- स्टॅनला (बेजियन मॉडेलांचंच दुसरं सॉफ्टवेअर) सी प्लस प्लसचा कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, लागतो. विंडोजवर आरमधून वापरायचं तर आरटूल्स आधी टाका, तुमच्या आरच्या आवृत्तीशी जुळणारं. पहिल्यांदा मॉडेल कंपाइल व्हायला मिनिटभर लागतं. अडकलं समजून बंद करू नका.
- एसीटी-आरची तयार आवृत्ती मिळते, लिस्प वेगळं टाकावं लागत नाही. ट्यूटोरियलचे प्रयोग पायथनमधूनही चालतात.
- कामाचं फोल्डर थेट ड्राइव्हवर, रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता.

शेवटचा मुद्दा माझ्या अंगावर आलेला आहे. माझ्या फोल्डरचं नाव होतं "माझं काम", देवनागरीत आणि मधे स्पेस. स्टॅन तीन तास वेगवेगळ्या शब्दांत रडत होतं. शेजारच्या ब्राझीलच्या मुलाने फोल्डरचं नाव बदललं आणि ते चाललं. त्याला ते नाव वाचताही येत नव्हतं, म्हणूनच बहुधा त्याला संशय आला.

तपासून पाहा: इंटरनेट बंद करून, लॅपटॉप रिस्टार्ट करून, नमुन्याचं मॉडेल एकदा चालवा.

## ६. खोटा डेटा बनवा

आता मुख्य भाग. वर्गात पोचल्यावर सगळ्यांचे हात स्वतःच्या डेटाच्या फाइलकडे जातात. ती फाइल बंद ठेवा.

एका लॅबमध्ये दुसऱ्याच दिवशी एक मुलगी धावत आली. "ताई, मॉडेल बसलं!"

"कशावर बसलं?"

"माझ्या डेटावर. सगळ्यांचे पॅरामीटर आले."

"ते बरोबर आहेत कशावरून?"

ती गप्प झाली. मॉडेल नेहमीच बसतं. संगणकाला काहीतरी आकडा द्यायचाच असतो, तो देतो. खऱ्या माणसाच्या डोक्यातला शिकण्याचा दर आपल्याला माहीत नसतो, त्यामुळे आलेला आकडा चूक की बरोबर हे खऱ्या डेटावरून कधीच कळत नाही. ज्याचे पॅरामीटर आपणच ठरवले आहेत अशा कृत्रिम माणसाकडूनच ते कळतं.

म्हणून आधी कृत्रिम माणूस: डाव्या बटणावर ७० टक्के वेळा बक्षीस, उजव्यावर ३० टक्के, २०० फेऱ्या. शिकण्याचा दर आणि ठामपणा बदलून आलेख काढा. दर शून्याजवळ नेला तर वागणूक कशी दिसते, एकाजवळ नेला तर कशी? खऱ्या सहभागींमध्ये दिसलेली खोड, समजा तोट्यानंतर लगेच बटण बदलणं, कुठल्याच पॅरामीटरला या मॉडेलमधून निघत नसेल तर ते फिट करण्यात अर्थ नाही. इथेच मॉडेल बदला.

## ७. लाइकलीहूड लिहा आणि तिच्या खोड्या काढा

लाइकलीहूड म्हणजे अमुक पॅरामीटर धरले तर हाच डेटा मिळण्याची शक्यता. तिचं फंक्शन दहा ओळींचं असतं, आणि त्या दहा ओळींत मी पाहिलेल्या निम्म्या चुका असतात.

क्रमाची चूक: प्रत्येक फेरीत आधी निवडीची शक्यता मोजायची, मग अंदाज बदलायचा. उलटं झालं तर मॉडेल उत्तर बघून पेपर लिहितं. ओळखायचं कसं? पहिल्या फेरीची शक्यता अगदी ०.५ यायला हवी. वहीतल्या उदाहरणात ती ०.५७ आली तर ओळी उलट्या आहेत.

सुटलेल्या फेऱ्यांची चूक याहून वाईट, कारण ती ओरडत नाही. सहभागीने बटणच दाबलं नाही, आणि प्रयोगाच्या सॉफ्टवेअरने तिथे −१ लिहिलं. पायथनमध्ये −१ म्हणजे यादीतला शेवटचा घटक. दोन बटणांच्या यादीत तो उजवं बटण निघतो. आरमध्ये −१ म्हणजे "पहिला सोडून बाकीचे". दोनच घटक असले तर पुन्हा उजवंच! दोन्हीकडे कोड निमूटपणे चालतो आणि डुलकी लागलेल्या माणसाने उजवं बटण निवडलं अशी नोंद होते. अशा फेऱ्या आधीच ओळखून वगळा, आणि किती वगळल्या ते लिहून ठेवा.

तिसरी, शून्याचा लॉग. कुठेतरी शक्यता शून्य झाली की बेरीज अनंतात जाते. सॉफ्टमॅक्समध्ये मोठे घातांकही फुटतात. घात घेण्याआधी सगळ्यांतून सर्वांत मोठी संख्या वजा करा, उत्तर तेच राहतं.

तपासून पाहा: ठामपणाचा पॅरामीटर शून्य ठेवा. दोन बटणं, २०० फेऱ्या, तर उणे लॉग-लाइकलीहूड १३८.६३ यायला हवी, डेटा कोणताही असो. दुसरा आकडा आला तर पुढे जाऊ नका. हा आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि कुणाला पुसू देत नाही.

## ८. रिकव्हरी: दिलेलं परत मिळतं का?

शंभर कृत्रिम माणसं बनवा, प्रत्येकाचे पॅरामीटर वेगळे. त्यांच्या डेटावर मॉडेल बसवा. आडव्या अक्षावर दिलेला आकडा, उभ्यावर परत मिळालेला. ठिपके तिरक्या रेषेवर पडले तर ठीक. ढग दिसला तर या प्रयोगातून तो पॅरामीटर मोजताच येत नाही.

इथे तीन गोष्टी बघा. एकाच ठिकाणाहून शोध सुरू केला तर संगणक जवळच्या खड्ड्यात अडकतो. दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून सर्वांत चांगलं उत्तर घ्या. दुसरं, बरेच आकडे तुम्ही घातलेल्या मर्यादेवर जाऊन साचले आहेत का? नेहमी एकच बटण दाबणाऱ्या माणसाचा ठामपणा वाढतच जातो, त्याला वरची हद्द सापडत नाही. तिसरं आणि सर्वांत फसवं: शिकण्याचा दर आणि ठामपणा एकमेकांची उधारी फेडतात. एकात कमी पडलं की दुसऱ्यात वाढतं, आणि फिट तेवढाच चांगला दिसतो.

माझ्या पहिल्या समर स्कूलला मी स्वतःचा डेटा घेऊन गेले होते, प्रत्येकी ४० फेऱ्यांचा. सहा महिने खपून गोळा केलेला. रिकव्हरीचा आलेख काढला तर ठिपके भिंतीवर पडलेल्या शाईसारखे. हेच घरी आधी केलं असतं तर प्रयोगच २०० फेऱ्यांचा रचला असता. रात्री वसतिगृहाच्या गॅलरीत बसून आईला फोन केला, ती म्हणाली, "जेवलीस का आधी?" तो डेटा मी पुढे मॉडेलशिवायच छापला.

सावधान: रिकव्हरी तुमच्या प्रयोगाच्या फेऱ्यांवर आणि तुमच्याच बक्षिसाच्या रचनेवर करा. दुसऱ्याच्या लेखात ती चांगली आली होती, याचा तुम्हाला उपयोग नाही.

## ९. मॉडेलांची तुलना, आणि मग खरा डेटा

एकटं मॉडेल काही सांगत नाही. निदान तीन ठेवा: निव्वळ यादृच्छिक, साधं शिकणारं, आणि तुमचं लाडकं. तुलनेचे दोन नेहमीचे निकष आहेत, एआयसी आणि बीआयसी; दोन्ही फिट किती चांगला ते बघतात आणि जादा पॅरामीटरांना दंड लावतात. एआयसी प्रत्येक पॅरामीटरला २ चा दंड लावतं, बीआयसी फेऱ्यांच्या लॉगइतका. २०० फेऱ्यांना तो ५.३ होतो. त्यामुळे दोघांचं मत वेगळं पडू शकतं. हव्या त्या निकषाकडे नंतर वळू नका, कोणता वापरणार ते आधी लिहून ठेवा. आणि सगळी मॉडेल्स अगदी त्याच फेऱ्यांवर बसवा. एकाला २०० आणि दुसऱ्याला १९३ दिल्या तर तुलना बाद.

इथेही खोटा डेटा आधी. प्रत्येक मॉडेलकडून डेटा बनवून घ्या आणि तुमचा निकष खऱ्या जनकाला ओळखतो का ते तक्त्यात मांडा. ओळखत नसेल तर खऱ्या माणसांबद्दलचा त्याचा कौल कशाला मानायचा?

एवढं झाल्यावर डेटाची फाइल उघडा. फिट करून झाल्यावर त्या पॅरामीटरांनी पुन्हा कृत्रिम माणसं चालवा आणि खऱ्यांच्या आलेखावर त्यांचा आलेख ठेवा. जिंकलेलं मॉडेलसुद्धा खऱ्या माणसासारखं अजिबात वागत नाही, असं कितीदा तरी निघतं. या संपूर्ण क्रमावर रॉबर्ट विल्सन आणि ॲन कॉलिन्स यांचा 'ईलाइफ' नियतकालिकात २०१९ साली आलेला दहा नियमांचा लेख मोफत वाचता येतो. विमानात वाचा.

## १०. वर्ग चालू असताना

गटातल्या प्रकल्पात हमखास घडतं ते असं: इंजिनिअरिंगचा मुलगा कीबोर्ड घेतो, मानसशास्त्राची मुलगी स्लाइड बनवते. शेवटच्या दिवशी मुलाला प्रश्न कळलेला नसतो, मुलीला कोड. अर्ध्या तासाने खुर्च्या बदला. मोबाइलवर गजर लावा, संकोच करू नका.

प्रकल्प छोटा ठेवा. दोन आठवड्यांत एक खेळ, दोन मॉडेल्स, एक रिकव्हरी एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी "आपण मेंदूचे स्कॅनही जोडू" म्हणणारा गट शेवटी रिकाम्या आलेखासमोर उभा राहतो.

प्रश्न विचारताना "माझा कोड चालत नाही" म्हणू नका. सर्वांत लहान तुकडा दाखवा, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते सांगा. निम्म्या वेळा तुकडा लहान करतानाच उत्तर सापडतं.

रात्री झोपा. दहा दिवस दोनपर्यंत जागणाऱ्याला शेवटचे तीन दिवस आठवत नाहीत.

## ११. परतल्यावरचे दहा दिवस

पिशवी उघडायच्या आधी एक तारीख ठरवा, परतल्यापासून दहा दिवसांच्या आतली. त्या दिवशी रिकाम्या फाइलपासून सुरू करून कृत्रिम माणूस, लाइकलीहूड, १३८.६३ ची तपासणी आणि रिकव्हरीचा आलेख एकट्याने पुन्हा करा. वर्गातला कोड उघडायचा नाही. अडलात तर कुठे अडलात ते लिहा. तुमच्या गटातल्या ज्याला तो भाग येत होता त्याला त्याच आठवड्यात विचारा, महिन्याभराने त्यालाही आठवणार नाही.

मग विभागातल्या ज्युनिअरांना बसवून वही-पेनाचं ते तीन फेऱ्यांचं उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवा. कुणीतरी विचारेल, "ताई, पण उजवं ०.५ वरच का राहिलं?" उत्तर तयार ठेवा.